विद्युत वेल्डिंग यंत्राची उभारणी आणि अर्थिंग

विद्युत प्रज्योतीच्या (आर्कच्या) उष्णतेने धातू वितळवून सांधणारे यंत्र योग्य जागी बसवणे आणि ते वीजपुरवठ्याशी, भूमीशी व सांधायच्या कामाशी सुरक्षितपणे जोडणे, याला विद्युत वेल्डिंग यंत्राची उभारणी म्हणतात. अर्थिंग (भूसंपर्कन) हा या उभारणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आढळतात. वेल्डिंगच्या दुकानांत ‘अर्थिंग’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न जोडण्यांसाठी वापरला जातो. पहिली जोडणी म्हणजे यंत्राच्या धातूच्या पेटीला भूमीशी जोडणारी संरक्षक तार. तिच्यातून नेहमीच्या कामात प्रवाह वाहत नाही. दुसरी म्हणजे कामाला चिमट्याने लावलेली केबल. तिच्यातून वेल्डिंगचा शेकडो अँपिअर प्रवाह यंत्राकडे परत जातो. या दोहोंची गल्लत झाली, तर विजेचा धक्का बसणे, तारा जळणे आणि आग लागणे असे अपघात संभवतात.

प्रस्तुत लेखात भारतातील लघुदाब पुरवठ्यावर (एककला २३० व्होल्ट, त्रिकला ४०० ते ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झ) चालणाऱ्या आणि हाताने धरलेल्या इलेक्ट्रोडने (वेल्डिंगच्या कांडीने) काम करणाऱ्या यंत्रांचा मुख्यतः विचार केला आहे. मिग आणि टिग यंत्रांनाही हीच तत्त्वे लागू पडतात.

यंत्राचे कार्य

कार्बनच्या कांडीच्या प्रज्योतीने धातू सांधण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निकोलाय बेनार्दोस यांनी प्रचारात आणली. पुढे निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनच्या जागी वितळणारी धातूची कांडी वापरली. विसाव्या शतकाच्या आरंभी लेपयुक्त इलेक्ट्रोड आले आणि आजची पद्धत रूढ झाली.

आजच्या यंत्राचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत : प्रत्यावर्ती प्रवाह देणारे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), एकदिश प्रवाह देणारे रेक्टिफायर यंत्र आणि वजनाने हलके इन्व्हर्टर यंत्र. तिन्ही प्रकारांत पुरवठ्याचा उच्च दाब कमी करून त्या बदल्यात मोठा प्रवाह मिळवला जातो. प्रज्योत पेटण्यापूर्वी होल्डर व काम यांच्यामध्ये जो दाब असतो त्याला मुक्तमंडल दाब म्हणतात. तो साधारणतः ५० ते ८० व्होल्टांच्या आसपास असतो. प्रज्योत पेटल्यावर दाब उतरतो. हाताच्या वेल्डिंगसाठी २० + ०.०४ × प्रवाह हे प्रमाणित सूत्र वापरले जाते. त्यानुसार २०० अँपिअरला प्रज्योतीचा दाब २८ व्होल्ट येतो.

यंत्रातील रोहित्राच्या प्राथमिक व द्वितीयक गुंडाळ्या एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या पूर्णपणे अलग असणे अनिवार्य आहे. म्हणूनच स्वयंरोहित्र (ऑटोट्रान्सफॉर्मर) वेल्डिंगसाठी वापरता येत नाही. त्यात होल्डरपर्यंत थेट पुरवठ्याचा दाब पोहोचू शकतो.

धोक्याचे स्वरूप

वेल्डिंग यंत्रात विजेचे दोन स्वतंत्र धोके असतात आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

पहिला धोका पुरवठ्याच्या बाजूचा. प्राथमिक गुंडाळीचे निरोधन (इन्सुलेशन) खराब झाले किंवा पुरवठ्याची तार सुटून पेटीला टेकली, तर संपूर्ण पेटी भूमीच्या तुलनेत २३० व्होल्टांवर जाते. द्विकला जोडणीच्या ४०० व्होल्टी यंत्रातही एका कलेचा भूमीशी असलेला दाब सुमारे २३० व्होल्टच असतो. या धोक्यावर संरक्षक अर्थिंग, योग्य क्षमतेचा फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर आणि गळतीरक्षक स्विच हे उपाय आहेत.

दुसरा धोका वेल्डिंगच्या बाजूचा. ८० व्होल्ट हा आकडा लहान वाटतो. परंतु घामाने भिजलेल्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी ८० व्होल्टांमुळे ८० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. गळतीरक्षक स्विच माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरला तुटेल असा ठेवतात, यावरून या प्रवाहाची तीव्रता ध्यानात येते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते : पुरवठ्याच्या बाजूचा गळतीरक्षक स्विच या दुसऱ्या धोक्यापासून संरक्षण देत नाही. होल्डरपासून शरीरातून कामाकडे जाणारा प्रवाह द्वितीयक मंडलातच फिरतो आणि दोन्ही गुंडाळ्या अलग असल्यामुळे स्विचला त्याची चाहूल लागत नाही. तेथे कोरडे हातमोजे, निरोधित होल्डर, कोरडी पादत्राणे आणि पायाखालचा लाकडी पाट किंवा रबरी चटई यांवरच भिस्त असते.

जागेची निवड

यंत्र कोरड्या, समतल आणि हवेशीर जागी ठेवावे. पंख्याने थंड होणाऱ्या यंत्राच्या हवेच्या जाळ्यांसमोर भिंत किंवा सामान येऊ देऊ नये. सर्व बाजूंनी सुमारे अर्धा मीटर मोकळी जागा ठेवणे इष्ट असते. ग्राइंडरमधून उडणारा लोखंडाचा भुगा वाहक असतो. तो पंख्याबरोबर यंत्रात शिरून गुंडाळ्यांवर साचला, तर कालांतराने निरोधन कमकुवत होते. यासाठी ग्राइंडिंगची जागा यंत्रापासून दूर ठेवतात.

यंत्राच्या पाटीवर पेटीच्या संरक्षणाचा दर्जा दिलेला असतो. आयपी २१ दर्जाचे यंत्र केवळ छपराखालीच वापरायचे असते. आयपी २३ दर्जाचे यंत्र पावसाचे शिंतोडे सहन करू शकते. मात्र त्याचा अर्थ पावसात उभे राहून वेल्डिंग करावे असा होत नाही.

ठिणग्या लांबवर उडत असल्याने कामाच्या जागेपासून सुमारे ११ मीटरपर्यंतचे ज्वालाग्राही पदार्थ हलवावेत, हलवणे शक्य नसल्यास न जळणाऱ्या आच्छादनाने झाकावेत. काम संपल्यावरही निदान अर्धा तास त्या जागेवर लक्ष ठेवावे.

वीजपुरवठ्याची जोडणी

यंत्रासाठी वितरण फलकापासून स्वतंत्र मंडल घ्यावे आणि ते तोडणारा मुख्य स्विच कारागिराच्या सहज हाताशी असावा. घरगुती प्लगमधून किंवा जोडावर जोड दिलेल्या लांब तारेतून मोठे यंत्र चालवू नये.

तारेची जाडी आणि ब्रेकरची क्षमता ठरवण्यासाठी यंत्राच्या पाटीवरील प्राथमिक प्रवाह पाहावा. उदाहरणार्थ, ८० व्होल्ट मुक्तमंडल दाबाचे रोहित्र यंत्र २०० अँपिअर प्रवाह देत असेल, तर ते पुरवठ्यातून सुमारे १६,००० व्होल्ट-अँपिअर घेते. म्हणजे ४०० व्होल्टी द्विकला जोडणीवर ४० अँपिअर. तोच भार २३० व्होल्टी एककला जोडणीवर टाकल्यास जवळपास ७० अँपिअर. मोठी रोहित्र यंत्रे दोन कलांवर का जोडतात, याचे कारण या आकड्यांत दिसते.

यंत्र अखंड चालत नाही. दहा मिनिटांपैकी जितका काळ ते ठरावीक प्रवाह देऊ शकते, त्याच्या टक्केवारीला कार्यकालप्रमाण (ड्यूटी सायकल) म्हणतात. तारेच्या तापण्यासाठी परिणामी प्रवाह महत्त्वाचा असतो. तो म्हणजे पूर्ण प्रवाह गुणिले कार्यकालप्रमाणाचे वर्गमूळ. वरील उदाहरणात ६० टक्के कार्यकालप्रमाण धरल्यास परिणामी प्रवाह सुमारे ३१ अँपिअर येतो.

यंत्र चालू करताना क्षणभर मोठा प्रवाह खेचला जातो. त्यामुळे घरगुती मंडलात वापरला जाणारा ‘बी’ प्रकारचा ब्रेकर विनाकारण तुटू शकतो. त्याऐवजी ‘सी’ किंवा ‘डी’ प्रकार वापरतात. ब्रेकर वारंवार तुटतो म्हणून अधिक क्षमतेचा ब्रेकर बसवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा उपाय नव्हे. त्याने ब्रेकर टिकतो आणि भिंतीतली तार जळते.

संरक्षक तारेचा रंग हिरवा किंवा हिरवा-पिवळा असतो. ही तार कधीही कलेच्या किंवा न्यूट्रलच्या अग्राला जोडू नये. द्विकला यंत्राला न्यूट्रल लागतच नाही, त्यामुळे तीन तारांच्या केबलमधील तिसरी तार ही अर्थिंगचीच असते. तरीही जुन्या वायरिंगमध्ये रंगांवर विसंबून न राहता जोडणीपूर्वी प्रत्येक तार मीटरने तपासावी. पुरवठ्याची तार चुकून ताणली गेली, तर कलांच्या तारा आधी निसटाव्यात आणि अर्थिंगची तार सर्वांत शेवटी, इतकी ती पेटीच्या आत थोडी सैल व लांब ठेवतात.

संरक्षक अर्थिंग

पेटीत दोष निर्माण झाल्यावर पुरवठा ताबडतोब तुटावा, हे संरक्षक अर्थिंगचे खरे प्रयोजन आहे. वीज ‘जमिनीत जिरते’ ही समजूत अपुरी आहे. दोषप्रवाहाला कलेपासून पेटीत, पेटीतून संरक्षक तारेत आणि तेथून पुरवठ्याच्या रोहित्राच्या न्यूट्रल बिंदूकडे परत जाणारा बंद मार्ग लागतो. त्या मार्गाचा एकूण रोध जितका कमी, तितका दोषप्रवाह मोठा आणि तितका ब्रेकर लवकर तुटतो.

हा मुद्दा गणिताने स्पष्ट होतो. जमिनीची रोधकता १०० ओम-मीटर असेल आणि तिच्यात ३ मीटर लांब व ४० मिलिमीटर व्यासाचा एकच नळ पुरला, तर त्या नळाचा भूमीशी रोध सुमारे ३० ओम येतो. पुरवठ्याच्या रोहित्राकडील अर्थिंगचा रोध ५ ओम मानल्यास एकूण रोध ३५ ओम होईल. २३० व्होल्टांवर दोषप्रवाह केवळ साडेसहा अँपिअर वाहील आणि ३२ अँपिअरचा ब्रेकर जागचा हलणारही नाही. या काळात पेटीवर जवळजवळ १९७ व्होल्ट दाब टिकून राहील. नळ पुरला, तार जोडली, अर्थिंग ‘केले’. तरी पेटीला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यातच राहिला.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र योजणे उत्तम. पहिला, पेटीपासून वितरण फलकातील अर्थिंगच्या पट्टीपर्यंत अखंड संरक्षक तार नेणे आणि ती पट्टी वीज कंपनीने दिलेल्या अर्थ-अग्राशी जोडणे. पुरवठ्याच्या न्यूट्रलपर्यंत धातूचा अखंड मार्ग मिळाला आणि एकूण रोध अर्ध्या ओमवर आला, तर दोषप्रवाह ४६० अँपिअर होईल आणि ब्रेकर क्षणार्धात तुटेल. दुसरा, ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच बसवणे. जेथे केवळ स्थानिक नळाच्याच अर्थिंगवर विसंबावे लागते, तेथे हा स्विच अपरिहार्य ठरतो. त्रिकला रेक्टिफायर व इन्व्हर्टर यंत्रांच्या गळतीत एकदिश प्रवाहाचा अंश असू शकतो. अशा यंत्रांसाठी तो ओळखणारा ‘बी’ प्रकारचा गळतीरक्षक लागतो.

संरक्षक तारेची जाडी कलेच्या तारेवरून ठरते. दोन्ही तारा एकाच धातूच्या असल्यास कलेची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असताना संरक्षक तार तितकीच, १६ ते ३५ च्या दरम्यान असताना १६ आणि त्यापुढे कलेच्या निम्मी घेतात. भारतीय नियमांनुसार २५० व्होल्टांपेक्षा अधिक दाबावर चालणाऱ्या उपकरणाच्या सांगाड्याला भूमीशी दोन स्वतंत्र जोडण्या देणे बंधनकारक आहे. एक तार तुटली किंवा गंजली तरी दुसरी शिल्लक राहावी, हा त्यामागील विचार आहे. या तारांच्या मार्गात फ्यूज किंवा स्विच बसवू नये.

अर्थिंगचे इलेक्ट्रोड

भारतात नळाचे आणि पत्र्याचे अर्थिंग प्रचलित आहे. नळाच्या पद्धतीत किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा व अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी नळ उभा पुरतात. पत्र्याच्या पद्धतीत ६०० × ६०० मिलिमीटर आकाराचा पत्रा जमिनीत किमान दीड मीटर खोलीवर उभा ठेवतात. लोखंडी पत्रा ६.३ मिलिमीटर, तर तांब्याचा ३.१५ मिलिमीटर जाड असतो. भोवती कोळसा व मीठ यांचे थर देण्याची पद्धत जुनी आहे. मिठाने रोध कमी होतो. परंतु ते पावसाबरोबर वाहून जाते आणि लोखंडही गंजवते.

रोध मुख्यतः मातीवर अवलंबून असतो. ओलसर काळ्या मातीत तो कमी असतो. मुरूम व खडकाळ जमिनीत बराच वाढतो. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी थोड्या खोलीवर काळा पाषाण लागत असल्याने एकच नळ पुरेसा ठरत नाही आणि एकाहून अधिक इलेक्ट्रोड समांतर जोडावे लागतात. त्यांच्यातील अंतर निदान एका इलेक्ट्रोडच्या लांबीइतके ठेवतात. पावसाळ्यात मोजलेला रोध उन्हाळ्यात वाढतो, म्हणून मोजणी कोरड्या ऋतूत करणे अधिक विश्वसनीय असते.

न्यूट्रलचा गैरवापर

अर्थिंगची तार उपलब्ध नसल्यास पेटी न्यूट्रलला जोडण्याचा प्रकार आढळतो. न्यूट्रल वाटेत तुटला, तर यंत्राच्या गुंडाळीतून आलेला पूर्ण दाब पेटीवर येतो. अशा वेळी यंत्र बंद पडलेले दिसते आणि नेमका तेव्हाच कारागीर ‘काय झाले’ हे पाहण्यासाठी पेटीला हात लावतो. पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या किंवा शेडचे खांब यांनाही संरक्षक अर्थिंगचा पर्याय मानू नये.

वेल्डिंगचे मंडल

यंत्रातून निघालेला प्रवाह होल्डरची केबल, इलेक्ट्रोड, प्रज्योत, काम आणि परतीची केबल या मार्गाने यंत्राकडे परत येतो. परतीच्या केबलचा चिमटा सांध्याच्या शक्य तितक्या जवळ, रंग व गंज खरवडलेल्या चकचकीत धातूवर घट्ट बसवावा. चिमट्याच्या सैल जोडाचा रोध अवघा ०.०१ ओम असला, तरी २०० अँपिअरला तेथे ४०० वॅट उष्णता निर्माण होते. चिमटा तापतो, केबलचे रबर करपते आणि प्रज्योतही अस्थिर होते.

केबल लवचीक तांब्याची आणि प्रवाहास साजेशी असावी. आखूड अंतरासाठी १५० अँपिअरला २५, २०० अँपिअरला ३५ आणि ३०० अँपिअरला ५० ते ७० चौरस मिलिमीटर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. जाण्यायेण्याची मिळून ४० मीटर लांबी असलेल्या ३५ चौरस मिलिमीटर केबलमध्ये २०० अँपिअरला चार व्होल्टांहून अधिक घट होते. प्रज्योतीच्या २८ व्होल्टांच्या तुलनेत ही घट लक्षणीय आहे. दोन्ही केबली एकमेकींलगत ठेवाव्यात आणि त्या खांद्याभोवती किंवा कमरेभोवती गुंडाळू नयेत.

भरकटलेला प्रवाह

परतीच्या केबलऐवजी लोखंडी सळई, शेडचा सांगाडा किंवा रूळ यांतून प्रवाह परत आणण्याची सवय घातक आहे. प्रवाह सर्व उपलब्ध मार्गांनी वाटला जातो. चिमटा कामावरून निसटला आणि काम इमारतीच्या सांगाड्याला टेकलेले असेल, तर वेल्डिंगचा प्रवाह अन्य यंत्रांच्या बारीक संरक्षक तारांतून वाट काढू शकतो. शेकडो अँपिअर प्रवाहाने त्या तारा जळतात. यात अधिक गंभीर गोष्ट ही की तार जळाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या यंत्रांचे अर्थिंग नाहीसे झालेले असते आणि काम मात्र सुरूच राहते.

भरकटलेल्या प्रवाहाने बेअरिंग व क्रेनचे तारदोर खराब होतात. म्हणून चिमटा आणि सांधा यांच्यामध्ये बेअरिंग किंवा साखळी येऊ देऊ नये. ट्रॅक्टर किंवा ट्रकवर काम करताना बॅटरी सोडवून ठेवतात आणि चिमटा ज्या भागाचा सांधा करायचा त्याच भागाला लावतात.

कामाचे अर्थिंग

सांधायचे काम स्वतंत्रपणे भूमीशी जोडावे की नाही, याबाबत मतभिन्नता आहे. जुन्या प्रथेत काम किंवा त्याखालचे टेबल भूमीशी जोडण्यावर भर होता. त्यामुळे दोन्ही गुंडाळ्यांमधील निरोधन फुटल्यास काम पुरवठ्याच्या दाबावर जात नाही. उलट बाजूने, भूमीशी जोडलेले काम भरकटलेल्या प्रवाहाला वाट करून देते आणि होल्डर धरून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या धक्क्याचे मंडलही पूर्ण होते. म्हणून आधुनिक यंत्रांत द्वितीयक मंडल भूमीपासून अलग ठेवून गुंडाळ्यांमधील दुहेरी निरोधनावर भर दिला जातो. कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी दोन नियम अबाधित राहतात : वेल्डिंगचा प्रवाह संरक्षक तारेतून वाहू देऊ नये आणि कामाचे अर्थिंग हे परतीच्या केबलला पर्याय समजू नये.

एकाच कामावर दोन यंत्रे

एकाच कामावर दोन कारागीर दोन यंत्रांनी काम करत असतील, तर दोन होल्डरांमधील दाब बेरजेने वाढू शकतो. ८० व्होल्टांची दोन यंत्रे विरुद्ध ध्रुवांनी जोडली गेल्यास हा दाब १६० व्होल्ट होतो. यास्तव यंत्रांची ध्रुवता व कला जुळवून घेतात आणि दोन्ही होल्डर एकाच व्यक्तीच्या आवाक्यात येणार नाहीत असे पाहतात.

ओलसर व बंदिस्त जागा

टाकी, बॉयलर, विहीर किंवा जहाजाचा तळ अशा ठिकाणी कारागीर चहूबाजूंनी वाहक धातूने वेढलेला असतो. अशा जागांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्यावर्ती मुक्तमंडल दाबाची मर्यादा ४८ व्होल्ट आहे. इतरत्र ती ८० व्होल्ट आहे. एकदिश प्रवाहाला ११३ व्होल्टांपर्यंत मुभा आहे. प्रज्योत पेटलेली नसताना दाब आपोआप कमी करणारे उपकरणही येथे उपयुक्त ठरते. यंत्र टाकीबाहेर ठेवावे, आत केवळ होल्डर व केबल न्यावी आणि पुरवठा तोडू शकेल असा मदतनीस बाहेर उभा ठेवावा. विजेच्या धक्क्याइतकाच गुदमरण्याचाही धोका असल्याने वायुवीजनाची सोय आवश्यक असते.

तपासणी आणि चाचण्या

यंत्र प्रथम चालू करण्यापूर्वी आणि त्यानंतर ठरावीक काळाने पुढील क्रमाने तपासणी करतात :

१. पुरवठा तोडून स्विच कुलूपबंद करणे आणि दाब नसल्याची मीटरने खात्री करणे.
२. केबल, होल्डर, प्लग व अग्रांची डोळ्यांनी पाहणी. सैल नट घट्ट करणे.
३. पेटीपासून प्लगच्या अर्थ-अग्रापर्यंतचा रोध मोजणे. ५ मीटरपर्यंतच्या केबलसाठी तो ०.३ ओमपेक्षा अधिक नसावा.
४. ५०० व्होल्टी मेगरने निरोधन मोजणे. प्राथमिक व वेल्डिंग मंडल यांच्यात किमान ५ मेगओम आणि प्रत्येक मंडल व पेटी यांच्यात किमान २.५ मेगओम असावा. इन्व्हर्टर यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भाग या दाबाने निकामी होऊ शकतात. त्यामुळे ही चाचणी निर्मात्याच्या सूचनेनुसारच करतात.
५. इलेक्ट्रोडचा भूमीशी रोध मोजणे.
६. पुरवठा सुरू करून गळतीरक्षक स्विचची चाचणी कळ दाबणे आणि मुक्तमंडल दाब मोजणे.

पेटीला हात लावल्यावर ‘झिणझिण्या’ येणे हे दोषाचे लक्षण आहे. रबरी चप्पल घालून काम पुढे रेटल्याने दोष नाहीसा होत नाही. यंत्र त्वरित बंद करून पुरवठा तोडावा आणि परवानाधारक तारतंत्रीकडून तपासून घ्यावे.

नियम आणि मानके

भारतात ग्राहकाच्या जागेतील अर्थिंग व संरक्षणाबाबत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियम लागू आहेत. २०१० च्या विनियमांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची, तर कलम ३६-अ मध्ये बंदिस्त जागेत २४ व्होल्टांहून अधिक दाबाची हाती उपकरणे पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय न वापरण्याची तरतूद होती. भारतीय मानकांपैकी आयएस ३०४३ अर्थिंगविषयी, आयएस ८१८ वेल्डिंगमधील सुरक्षा व आरोग्याविषयी, आयएस ३०१६ अग्निप्रतिबंधाविषयी आणि आयएस ९८५७ वेल्डिंगच्या केबलींविषयी आहे. यंत्रांच्या रचनेसाठी आयईसी ६०९७४ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका असून तिचा नववा भाग उभारणी व वापर यांना वाहिलेला आहे.

हेही पहा

वेल्डिंग
रोहित्र
अर्थिंग
सर्किट ब्रेकर
विजेचा धक्का